‘सकारात्मक’चा रकाना

आमच्या मॅडम मला पहिल्या भेटीपासून आवडल्या नाहीत. मीही त्यांना आवडलो नसणार, पण त्यांना पीएच.डी.चे विद्यार्थी दाखवायचे होते आणि मला नावामागे ‘डॉ.’ लावायचं होतं, म्हणून दोघांनीही ते गिळलं.

मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. परळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवत होतो. मॅडम माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, दादरच्या एका बी.एड. कॉलेजात शिकवायच्या आणि पीएच.डी.ला मार्गदर्शन करायच्या. ज्ञानाची तहान वगैरे मला काही नव्हती. गिरगावात आमच्या वाडीत दोनच दारांवर ‘डॉ.’ची पाटी होती, त्यातला एक दातांचा. माझे वडील फोर्टमधल्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि मरेपर्यंत त्या दोन पाट्यांकडे बघून नमस्कार करत राहिले. तिसरी पाटी आपली असावी एवढंच माझ्या डोक्यात होतं.

विषय त्यांनीच दिला. शिक्षणातल्या मोबाईल लर्निंगवर जे संशोधन झालंय त्यातले प्रवाह शोधायचे. म्हणजे फोनवरून शिकवण्याबद्दल लोकांनी जे शोधनिबंध लिहिलेत ते गोळा करायचे, वाचायचे आणि एका मोठ्या तक्त्यात टाकायचे. अभ्यास शाळेतल्या मुलांवर की कॉलेजच्या, प्रश्नावली वापरली की प्रयोग केला, कोणता विषय, आणि शेवटी निष्कर्ष काय: सकारात्मक, नकारात्मक की संमिश्र. प्रत्येक निबंधापुढे खुणा करायच्या, मग खुणा मोजायच्या. मोजून झालं की ‘प्रवाह’ दिसतो म्हणे.

“मॅडम, मला फोनवरून शिकवणं या गोष्टीचाच राग आहे,” मी म्हटलं.

“चांगलं आहे,” त्या लॅपटॉपवरून नजर न हलवता म्हणाल्या. “राग असला की माणूस पूर्वग्रह तपासतो. सहा महिन्यांत तक्ता हवा.”

राग खोटा नव्हता. लॉकडाऊनमध्ये मी वर्षभर घरातून नववीला शिकवलं. आमच्या दोन खोल्यांत एकच भिंत मोकळी होती, तिच्यासमोर स्टुलावर पोह्यांचा डबा आणि डब्याला टेकवलेला फोन. समोर काळे चौकोन. कोण ऐकतंय, कोण झोपलंय, कोण आंघोळीला गेलंय, काही कळायचं नाही. मी न्यूटनचे नियम त्या चौकोनांना सांगायचो आणि शेजारच्या बाई दारात येऊन म्हणायच्या, “अहो सर, जरा हळू. आमच्याकडे वर्क फ्रॉम होम चाललंय.” तोवर अठरा वर्षं मी मुलांच्या तोंडाकडे बघून शिकवलं होतं. तोंडं काढून घेतल्यावर माझ्या हातात एकच हत्यार उरलं, हजेरी. ती मी फार कडक घेत असे. तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

तर, मी निबंध वाचायला लागलो. शाळा सुटली की परळहून बसने दादर, कॉलेजच्या लायब्ररीत दोन तास, मग गिरगाव. पहिले काही आठवडे मी मन लावून वाचलं. मग लक्षात यायला लागलं की मी वाचत असलेल्या निबंधांपैकी बहुतेकांची चाल एकच आहे. मुलांना कागद द्यायचा. त्यावर वाक्यं: मोबाईलमुळे शिकणे आनंददायी झाले, मोबाईलमुळे विषय समजला. समोर पाच पर्याय, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. मुलं खुणा करतात. शेवटी लिहायचं, विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन सकारात्मक आढळला. पुढे शिफारस: अधिक संशोधनाची गरज आहे. मी ‘सकारात्मक’च्या रकान्यात खूण करायचो आणि पुढचा निबंध उघडायचो. मुलाला विषय खरंच आला का, हे बघणारे त्या गठ्ठ्यात थोडे होते. फोन घरात कोणाचा होता, हे विचारणारा तर मला शोधावा लागला.

पावसाळा संपता संपता एका दुपारी मॅडमचा स्वतःचा निबंध माझ्या हाती आला. त्यांच्या आणि कॉलेजातल्या आणखी एका प्राध्यापकांच्या नावावर. ‘मध्य मुंबईतील एका मराठी माध्यमाच्या शाळेतील दहावीचे विद्यार्थी.’ शाळेचं वर्णन वाचलं. समोर उड्डाणपूल, खाली पिठाची गिरणी, दोन सत्रं. मी पुन्हा वाचलं. ती माझी शाळा होती आणि तो माझा वर्ग होता.

मग ते फॉर्म आठवले. शाळा पुन्हा उघडल्यावर मुलं दहावीत आली होती, तोंडाला मास्क, लिहिण्याची सवय गेलेली. एक दिवस मुख्याध्यापकांनी मला बोलावून गठ्ठा हातात दिला. कॉलेजातून आलाय, दृष्टिकोन मापिका आहे, मधल्या सुट्टीच्या आत भरून हवी. मॅडमना मी तेव्हा ओळखतही नव्हतो. त्या वर्गात आल्याच नाहीत, ऑफिसात चहा पीत बसल्या होत्या. मी फॉर्म वाटले. मुलं वाक्यं वाचत बसली. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

“सर, खरं लिहायचं की चांगलं?”

वर्ग हसला. मला पोर्शनची घाई होती. पूर्ण वर्षाचा ढीग माझ्या मानेवर होता.

“चांगलं लिहा आणि पटापट द्या,” मी म्हटलं. “शाळेचं नाव आहे.”

दहा मिनिटांत गठ्ठा परत. सगळ्या खुणा ‘पूर्ण सहमत’खाली, एका ओळीत. काहींनी तर वाक्य न वाचता वरपासून खालपर्यंत रेघच ओढली होती.

त्या रेघांचा आता निबंध झाला होता. गोष्ट तिथे थांबली असती तरी मी कदाचित गिळली असती. पण माझ्या गठ्ठ्यातल्या इतर दोन-तीन निबंधांत त्याचा हवाला होता. शहरी गरीब वस्तीतल्या मुलांनीही मोबाईल लर्निंगचं स्वागत केलं, पाहा अमुक. आणि आता मी, ज्याने त्या मुलांना तसं लिहायला लावलं, तोच त्याच्यापुढे खूण करून त्याला प्रवाहात ढकलणार होतो.

मी उठून मॅडमच्या केबिनमध्ये गेलो.

“हा वर्ग माझा होता,” मी म्हटलं. “हे फॉर्म मी भरून घेतले. मुलांना मी सांगितलं, चांगलं लिहा.”

त्यांनी निबंधाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चेहरा हलला नाही.

“मग?”

“मग हा अभ्यास खोटा आहे. मी याला सकारात्मकमध्ये टाकणार नाही.”

“तुमचं काम मोजण्याचं आहे, तपासण्याचं नाही,” त्या म्हणाल्या. “निबंध म्हणतो सकारात्मक, तुम्ही टाकता सकारात्मक. उद्या तुम्हाला प्रत्येक लेखकाच्या घरी जाऊन विचारायचंय का, खरं बोलताय ना म्हणून?”

“प्रत्येकाच्या नाही. इथे मला माहीत आहे.”

“तुम्हाला माहीत आहे म्हणजे काय? तुमची आठवण आहे. आठवण म्हणजे पुरावा नाही. त्या मुलांकडून लेखी आणा, मग बोलू.” आणि मी दारापर्यंत गेल्यावर: “सर, तुमच्या वयात नोंदणी रद्द झाली तर पुन्हा मिळत नाही, एवढं लक्षात ठेवा.”

हे त्या अगदी काळजीने सांगितल्यासारखं बोलल्या. मला त्यांच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलावासा वाटला. उचलला नाही. जिना उतरताना मी ठरवलं की लेखी आणायचंच.

त्या बॅचच्या जेवढ्या मुलांचे नंबर लागले त्यांना फोन केले, मेसेज पाठवले. कोणाला काही आठवत नव्हतं. ‘सर कसे आहात’ आणि अंगठा. एकाने लिहिलं, ‘सर कोणता फॉर्म, तेव्हा खूप फॉर्म भरले.’ मला एकच खात्रीची साक्षीदार हवी होती, दुसऱ्या बाकावरची ती मुलगी, आणि तिचा नंबर बंद होता. शाळेच्या रजिस्टरमध्ये पत्ता मिळाला. कॉटन ग्रीनची एक चाळ.

चाळीत दाराला कुलूप होतं. समोरच्या म्हाताऱ्याने सांगितलं, मुलगी कॉलेजात, आई लालबागला पोळीभाजी केंद्रात असते, संध्याकाळपर्यंत तिथेच. मी तिथून चालत लालबागला गेलो.

केंद्र म्हणजे रस्त्याला लागून एक गाळा. पुढे काउंटर, मागे दोन तवे. तीन बायका पोळ्या करत होत्या. मी नाव सांगितलं, शाळेचं सांगितलं. डावीकडच्या तव्याजवळची बाई लाटणं न थांबवता माझ्याकडे बघत राहिली. चाळिशीची, बारीक, कपाळावर पिठाचा डाग.

“विज्ञानाचे सर,” ती म्हणाली.

“हो. तुमच्या मुलीला भेटायचं होतं. एक छोटं काम आहे.”

“काम.” तिने पोळी तव्यावर टाकली. “तीन वर्षांनी सरांना आमच्याकडे काम पडलं.”

मी सांगायला लागलो. शाळेत एक फॉर्म भरून घेतला होता, त्यात माझ्याकडून चूक झाली, मुलांना मी जसं नव्हतं तसं लिहायला लावलं, ते दुरुस्त करायचंय, तिने दोन ओळी लिहून दिल्या तर बरं. बोलता बोलता मला स्वतःबद्दल चांगलं वाटायला लागलं होतं, हे मी इथे कबूल करतो. आपली चूक कबूल करायला परळहून कॉटन ग्रीनला आणि तिथून लालबागला पायी येणारे शिक्षक किती असतील, असं काहीसं.

“फॉर्मचं माका काय सांगतास?” ती म्हणाली. आवाज चढला नाही. “तुम्ही ग्रुपवर काय लिहिलं होतं ते आठवतं का?”

“कोणत्या ग्रुपवर?”

“नववीच्या. लॉकडाऊनमध्ये.”

मला खरंच आठवत नव्हतं, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. बाजूच्या दोघींची लाटणी हळू झाली.

“आमच्या घरात एकच फोन,” ती म्हणाली. “तिचे बाबा गोदामावर वॉचमन. सगळं बंद होतं पण गोदामं बंद नव्हती. मालकाचा फोन येणार म्हणून ते सकाळी आठला फोन घेऊन जायचे. तुमचा तास साडेनऊचा. पोर शेजारणीचा फोन मागून जिन्यात बसायची. पंधरा दिवस दिला शेजारणीने. मग तिच्या पोराचे पण तास सुरू झाले. मी तुम्हाला आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता, सर, फोन नाही म्हणून. माझ्याच आवाजात. तुम्ही सगळ्या ग्रुपसमोर लिहिलंत, कारणं नकोत, ज्यांना शिकायचंय ते फोन मिळवतात.”

“मी असं…”

“लिहिलंत. सगळ्या चाळीने वाचलं. सहा घरं आहेत त्या ग्रुपवर आमच्या मजल्याची.” तिने पोळी उलटली. “महिनाभर माझ्याशी कोणी फोनबद्दल बोललं नाही. आणि तुम्ही तिला रोज गैरहजर लावलंत. तिला लॅबमधलं शिकायचं होतं, रक्त तपासतात ते. विज्ञान कच्चं राहिलं ते राहिलंच. आता कॉमर्स करते.”

ग्राहक आला. तिने दहा पोळ्या मोजून कागदात बांधल्या, दिल्या. मी तिथेच उभा होतो. तेवढ्यात मुलगी आली, खांद्याला सॅक. मला तिने लगेच ओळखलं, हसली, “सर” म्हणाली. आईने तिला दोन वाक्यांत मी का आलोय ते सांगितलं.

“फॉर्म?” मुलगी म्हणाली. “नाही सर, मला नाही आठवत.”

“तू विचारलं होतंस. खरं लिहायचं की चांगलं.”

“मी विचारलं होतं?” तिला ते ऐकून मजा वाटली. “असेल. मी तसली होते तेव्हा. तुम्ही काय म्हणालात?”

“चांगलं लिहा, म्हणालो.”

“हां, मग तेच लिहिलं असणार.” ती थांबली. “पण फोनवर काही कळत नव्हतं, हे मी लिहून देऊ शकते. ते खरं आहे. मी तासाला होतेच किती?”

“तेवढं पुरे आहे,” मी म्हटलं.

“पण मग सगळंच लिहीन. ग्रुपवरचं पण.”

“तू गप गो,” आई म्हणाली. “काही लिहून द्यायचं नाही यांना.”

“आई, लिहू दे. ते आलेत ना विचारायला.”

ती काउंटरच्या मागच्या पिंपावर बसली आणि वहीतलं एक पान फाडून लिहायला लागली. मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. तिच्या आईने माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही. पान माझ्या हातात पडलं तेव्हा ते वरपासून खालपर्यंत भरलेलं होतं, खाली तारीख, सही आणि तिचा नवा नंबर.

बसस्टॉपच्या बाकावर बसून मी माझ्या फोनमध्ये तो जुना ग्रुप शोधला. तो अजून होता, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि देवांच्या चित्रांखाली गाडलेला. मी वर वर सरकत गेलो. तिच्या आईचा आवाजाचा मेसेज सापडला. तो मी तेव्हा उघडलाच नव्हता. त्याच्या बाजूची माईकची खूण निळी झालेली नव्हती. आणि खाली माझं उत्तर. बाईने निम्मंच सांगितलं होतं. मी लिहिलं होतं: ‘कारणं नकोत. ज्यांना शिकायचं आहे ते फोन मिळवतात. ज्यांना नाही त्यांनी वर्गाचा वेळ घालवू नये.’ खाली तीन पालकांचे अंगठे. एकाने हात जोडले होते.

बस आली आणि गेली. मला आईच्या त्या आवाजाचा मेसेज ऐकायचा होता, पण तो इतका जुना होता की उघडेचना.

आता पुढचं लिहिताना मला लाज वाटते, पण ते झालं. प्रगती सादरीकरणाच्या दिवशी, म्हणजे कॉलेजातली समिती विद्यार्थ्याने काय काम केलं ते तपासते त्या दिवशी, मी सकाळी दादरला झेरॉक्सच्या दुकानात गेलो. मुलीचं पान दुकानदाराला दिलं. अर्ध्यावर कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, फक्त वरचा भाग हवाय. वरच्या भागात फोनवर काही समजत नव्हतं आणि तो फॉर्म सरांनी सांगितल्याप्रमाणे भरला असणार, एवढंच होतं. खालच्या भागात मी होतो. दुकानदाराने काही न विचारता अर्ध्या पानाची प्रत काढून दिली. मूळ पान मी घडी करून आतल्या खिशात ठेवलं.

समितीत तिघे होते. मधोमध अध्यक्ष, बाहेरच्या कॉलेजातले एक वयस्कर प्राध्यापक, त्यांच्या बाजूला मॅडम. तिसऱ्या बाई सगळा वेळ फोनमध्ये होत्या. मी तक्ता पडद्यावर दाखवला. प्रवाह सांगितले. प्रश्नावल्यांचा पूर, शिकण्यापेक्षा आवडण्यावर भर, कॉलेजच्या मुलांवर जास्त, शाळेच्या मुलांवर कमी. अध्यक्ष मान डोलवत होते. मग मी म्हटलं, यातला एक निबंध मी तक्त्यातून वगळला आहे, कारण त्यातली माहिती मी स्वतः बिघडवली होती. आणि अर्ध्या पानाची प्रत पुढे ठेवली.

अध्यक्षांनी वाचलं. “हे कोणत्या निबंधाबद्दल?”

“माझ्या,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी हात पुढे करून प्रत घेतली, वाचली, उलटी केली. “यावर सही नाही.”

“सही आहे,” मी म्हटलं.

“कुठे?”

मी प्रत परत घ्यायला हात पुढे केला.

“हे अर्धं पान आहे,” त्या म्हणाल्या. “खाली कागद झाकल्याची रेघ दिसते. बाकीचं कुठेय, सर?”

तिसऱ्या बाईंनी फोनमधून डोकं वर काढलं. मी खिशातून मूळ पान काढून दिलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मॅडमनी ते मनात वाचलं नाही. मोठ्याने वाचलं, सावकाश, एकेक वाक्य सुटं करून. आईचा मेसेज, माझं उत्तर, चाळीतली सहा घरं, जिना, गैरहजेरी. मुलीने रागाने लिहिलेलं नव्हतं. म्हणून जास्त लागत होतं. शेवटी लिहिलं होतं, ‘सर बाकी चांगले शिकवायचे.’ तेही त्यांनी वाचलं.

“ही तक्रार शिक्षकाविरुद्ध आहे,” मॅडम अध्यक्षांना म्हणाल्या. “अभ्यासाविरुद्ध नाही. मुलीला तो फॉर्म आठवतही नाही, असं ती स्वतः लिहिते. असणार, असणार. आणि सरांचं म्हणणं खरं धरलं तर माहिती भरून घेणाऱ्याने गैरप्रकार केला. त्याला मी काय करू?”

“तुम्ही वर्गात आला नव्हता,” मी म्हटलं. “ऑफिसात चहा घेत होता.”

“मुलांनी मोकळेपणाने लिहावं म्हणून संशोधकाने वर्गात नसावं, असंच शिकवतात. पद्धतीच्या प्रकरणात दिलंय ते. तुम्ही वाचलंय.”

वाचलं होतं. ते वाक्य मी तक्त्यासाठी पेन्सिलीने अधोरेखितही केलं होतं.

“मग तो निबंध मागे घ्या,” मी म्हटलं. “माझ्यामुळे बिघडला म्हणून घ्या. माझं नाव घालून घ्या. पण तो तिथे राहतोय आणि लोक त्याच्यावर पुढचं बांधतायत. कोणीतरी अशाच कागदांवरून ठरवणार की गरिबांच्या पोरांना फोनवरून शिकवलं तरी चालतं, त्यांना आवडतं.”

माझा आवाज चढला होता. अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हा विषय या बैठकीचा नाही,” ते म्हणाले. “तुमचा विषय प्रवाह आहे. तो निबंध प्रसिद्ध झालेला आहे, तर प्रवाहात आहे. तक्त्यात घ्या आणि पुढे चला. आणि विद्यार्थ्यांची अशी खाजगी पत्रं फिरवू नका. अडचणीत याल.”

त्या पानावर मॅडमनी पेपरवेट ठेवला होता. मी तो बाजूला करून पान घेतलं आणि निघालो. घेतलं नसतं तर तेही फाइलमध्ये गेलं असतं.

पुढच्या महिन्यात दोन पत्रं आली. एक कॉलेजचं. मार्गदर्शकांनी वैयक्तिक कारणास्तव माझं मार्गदर्शन सोडलं असून मुदतीत दुसरे मार्गदर्शक न मिळाल्यास नोंदणी रद्द समजावी. दुसरं आमच्याच शाळेचं, मुख्याध्यापकांच्या सहीचं. माजी विद्यार्थिनीच्या घरी परवानगीशिवाय का गेलात, आणि शाळेच्या अभ्यासप्रकल्पाची बदनामी का केलीत, खुलासा करा. गंमत म्हणजे माझ्या त्या ग्रुपवरच्या मेसेजचा खुलासा कोणीच मागितला नाही. त्याबद्दल कॉलेजला काही म्हणायचं नव्हतं, शाळेला नव्हतं. त्याला प्रकल्पात रकानाच नव्हता. मी खुलासा दोन ओळींत लिहिला. दुसरे मार्गदर्शक शोधायला तिघांकडे गेलो. तिघांनाही आधीच सगळं ठाऊक होतं. एकाने चहा पाजला आणि म्हणाला, “तुम्ही बरोबर होता हो, पण सर, अर्धी झेरॉक्स?”

पूर्ण पान ठेवलं असतं तर काही बदललं असतं असं नाही, पण मॅडमना ते मोठ्याने वाचण्याची मजा मिळाली नसती.

जर्नलच्या संपादकांना मी सगळं लिहून पाठवलं, या वेळी पूर्ण पानासकट, मुलीला फोनवर विचारून. ‘आपला ईमेल मिळाला’ असं यंत्राचं उत्तर आलं. पुढे काही नाही.

केंद्रावर मी एकदाच परत गेलो. मुलगी नव्हती. तिच्या आईला म्हटलं, तुमचा मेसेज मी तेव्हा ऐकलाच नव्हता, उघडलाच नव्हता, आणि जे लिहिलं ते मी लिहायला नको होतं. तिने ऐकून घेतलं. मला वाटलं ती काही बोलेल.

“पोळ्या हव्यात का?” ती म्हणाली. “नसतील तर बाजूला व्हा. मागे लोक उभे आहेत.”

मागे खरंच चार माणसं उभी होती. मी बाजूला झालो. तिच्या जागी मी असतो तर मीही माफ केलं नसतं, आणि एवढ्या सभ्यपणे तर बोललोच नसतो.

नोंदणी गेली. त्याचं दुःख मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी झालं आणि राग वाटला होता त्यापेक्षा जास्त टिकला. शाळेत आता नवीन अ‍ॅप आलंय, गृहपाठ त्यावर. मुख्याध्यापक माझ्याकडे गठ्ठे भरायला देत नाहीत, दुसऱ्या एका तरुण मॅडमना देतात. मी वर्गात फोनबद्दल बोलत नाही. ज्याला अडचण आहे त्याने वहीत लिहून आणावं, एवढंच सांगितलंय, आणि आणतात.

यंदा दसऱ्याच्या आदल्या सकाळी दादरच्या फूलबाजारात गेलो होतो. झेंडूचे ढीग, खाली चिखल, पाय टाकायला जागा नाही. हातगाडीवाल्याने वाट अडवली आणि गर्दी जागच्या जागी गच्च झाली. माझ्या डाव्या खांद्याला खांदा लागून कोण उभं आहे म्हणून बघितलं तर मॅडम. हातात शेवंती आणि आपट्याची पानं.

“सर,” त्या म्हणाल्या.

“मॅडम.”

“तुमचा विषय आमच्या एका विद्यार्थिनीने पुरा केला. गेल्या महिन्यात व्हायवा झाली.”

“तुमचा निबंध घेतला?”

“सगळे घेतले.” त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “बरं झालं तुम्ही सोडलंत. तुमचा स्वभाव संशोधनाचा नाही.”

“तुमचा आहे?”

हातगाडी हलेना. मागून लोक ढकलत होते, पुढून कोणी सरकत नव्हतं. आम्हाला एकमेकांपासून लांब जायचं होतं आणि जाता येत नव्हतं. पाच-सात मिनिटं तरी आम्ही तसेच उभे होतो, खांद्याला खांदा, दोघेही समोरच्या माणसाच्या पाठीकडे बघत. त्यांच्या शेवंतीचा वास येत होता. मला अजून पुष्कळ बोलायचं होतं आणि एकही शब्द वाया घालवायचा नव्हता. मग हातगाडीवाल्याने चाक उचललं, गर्दी सुटली. त्या स्टेशनच्या बाजूला वळल्या. मी झेंडू घ्यायचा राहिलाय हे आठवून परत आत शिरलो.